शिक्र्याच्या जोडीला कुत्री

शिकारी पक्ष्याच्या जोडीला कुत्रा कसा निवडायचा हे मी आखातात शिकले. मोहन्याच्या चाळीत वाढलेली मी कल्याणात जनावरांच्या एका डॉक्टरांकडे मदतनीस होते. तिथून वाळवंटातल्या एका मालकाकडे कुत्री सांभाळायची नोकरी लागली. त्या मालकाकडे ससाणे होते. बाईमाणसाने असलं काम करू नये असं चाळीतल्या प्रत्येकाने येऊन सांगितलं. सगळ्यांना चहा पाजला आणि मी गेले.

तिथला म्हातारा सिंधी उस्ताद मला बघून तोंड फिरवायचा. बाई जवळ आली की पक्षी बिथरतो, असं त्याचं म्हणणं. पक्षी कधी बिथरला नाही. हळूहळू उस्तादही निवळला आणि शिकवू लागला. सलुकी जातीचा कुत्रा लांब टांगांचा, नजरेने पाठलाग करणारा. उघड्या माळावर ससा पळाला की वरून ससाणा आणि खालून तो. पॉइंटरचं काम नाकाचं. गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास आला की एक पाय उचलून तो जागीच थिजतो आणि हुकूम होईपर्यंत हलत नाही. निवड करताना उस्ताद पिल्लाचा वेग बघायचाच नाही. पिल्लाला पट्ट्याने बांधून समोर ससाण्याला जेवायला बसवायचा. जे पिल्लू ताठ होऊन पक्ष्यावर नजर रोखेल ते बाद. जे एकदा बघून मान वळवेल ते ठेवायचं. पक्ष्याच्या पायाखालचं मांस आपलं नाही हे कुत्र्याला समजलं की पुढचं सगळं शिकवता येतं.

वडील गेले तेव्हा मी परत आले. माजिवड्याला आईच्या नावावर फ्लॅट घेतलेला, तिथे राहू लागले आणि लोकांच्या घरची कुत्री शिकवू लागले. बस, थांब, उडी मारू नको, एवढंच. आपल्याकडे शिकारीला बंदी, असे पक्षी पाळायलाही बंदी. त्यामुळे उस्तादची विद्या माझ्यापाशी नुसतीच पडून होती.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एका रविवारी सकाळी घरी आले. त्यांनी पॉइंटर जातीची कुत्री घेतली होती, वर्षाच्या आतली, पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके. तिला शिकवायचं होतं. मी खाली जाऊन तिला गवतात फिरवली. कबुतर दिसताच तिचा पुढचा पाय आपोआप वर गेला आणि माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी ते बघत होते. कुत्री उत्तम आहे म्हटलं. ते खूश झाले आणि म्हणाले, वर चला, हिचा जोडीदार दाखवतो.

त्यांच्या मागच्या बाल्कनीत, पडद्याआड, एका दांडीवर शिक्रा, ससाण्याहून लहान शिकारी पक्षी, बसवलेला होता. पायात दोरी. मी जवळ गेले तरी त्याने मान वळवली नाही. मग दिसलं, त्याच्या दोन्ही पापण्या दोऱ्याने शिवलेल्या होत्या. पक्षी बुजू नये म्हणून पकडणारे तसं करतात हे मी ऐकून होते. बघितलं पहिल्यांदाच.

सेक्रेटरी मन लावून बोलत होते. मुरबाडकडे त्यांची जागा होती, तिथे लावे पक्षी भरपूर. कुत्रीने लावा दाखवायचा, शिक्र्याने झडप घालायची. देशावर त्यांच्या पणजोबांकडे असे पक्षी असायचे. हा बाजारात पिंजऱ्यातच मेला असता, आपण त्याला वाचवला, असंही म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि खोटं कशाला सांगू, माझाही हात शिवशिवला. अशी कुत्री आणि असा पक्षी एकत्र बघायला मला किती आवडलं असतं. पण त्या दोऱ्यावरून माझी नजर हलेना.

"हा घरात ठेवणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?" मी विचारलं.

"माहीत आहे. म्हणूनच बाहेरचा माणूस नको होता."

मी सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत तुम्ही स्वतः याला वनखात्याकडे द्या, नाहीतर मी फोन करते. ते हसले. मग हसू गेलं.

"मॅडम, याच सोसायटीत राहायचंय ना तुम्हाला?"

"राहायचंय," मी म्हणाले, "आणि राहणार."

संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन विचारलं, पक्षी बाल्कनीतच होता. मी वनखात्याला फोन केला आणि नावही सांगितलं. विचारलं होतं त्यांनी, नाव गुप्त ठेवू का म्हणून. गरज नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं आली आणि शिक्र्याला खोक्यातून घेऊन गेली.

त्या आठवड्यात लिफ्टशेजारी नोटीस लागली: आवारात कुत्र्यांना शिकवायला मनाई. शिकवणीची चार घरं तुटली. जिन्यात लोक बोलेनासे झाले. आई म्हणाली, माफी मागून टाक, शेजार आहे. मी म्हटलं, कशाची? मग दोन दिवस ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलली.

मग सेक्रेटरींच्या बायको पॉइंटरला घेऊन दारात आल्या. त्यांच्या नवऱ्याला ती आता डोळ्यांसमोर नको होती; हायवेपलीकडे सोडून येतो म्हणत होते. मी काही बोलायच्या आत आईने पट्टा हातात घेतला. "आत आण गं तिला," मला म्हणाली, "उन्हात उभी आहे बिचारी." जन्मात कुत्र्याला हात न लावलेली माझी आई.

सोसायटीच्या पुढच्या सभेत माझा विषय होता. मी कुत्रीला घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत बसले. कुणीतरी म्हणालं, हिला बाहेर ठेवा. ती माझ्या पायाशी बसली आहे, कुणाला त्रास झाला तर तोंडावर सांगा, असं मी म्हटलं. माझ्यावर ठराव करणार असाल तर पक्षी कुणाच्या बाल्कनीत होता तेही ठरावात लिहा, असंही म्हटलं. सेक्रेटरी कागद चाळत राहिले. विषय पुढे ढकलला गेला तो अजून पुढेच आहे. नोटीस मात्र अजून तिथेच आहे आणि मी रोज तिच्यासमोरून आवारात जाऊन शिकवते. घरं पुन्हा जोडली गेली, सगळी नाहीत.

शिक्र्याचे दोरे काढले. एका डोळ्याने त्याला दिसतं, दुसऱ्याने नाही, त्यामुळे सोडता येणार नाही असं वनखात्यातल्या बाईंनी कळवलं. ऐकून वाईट वाटलं. फोन केल्याचं वाटलं नाही.

सकाळी कुत्रीला घेऊन खाडीकडे जाते. चिखलात टिटव्या असतात. ती पाय उचलते, शेपूट सरळ, सगळं अंग थरथरतं आणि ती हुकमाची वाट बघते. मी तो देत नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते. टिटव्या ओरडत उडून जातात, मग आम्ही दोघी पुढे निघतो.