आकडी पोचंल तेवढं

आष्टीतल्या आमच्या शाळेमागं बाभळी आहेत. तिथं एक शेळ्या राखणारा रोज शेळ्या घेऊन येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला 'म्याडम' म्हणतो आणि काहीही बोलून झालं, की शेळ्यांकडं बघून विचारतो, "बराबर?"

खांद्यावर टोकाला विळा बांधलेला लांब बांबू असतो, ती त्याची आकडी. तिनं फांदी ओढायची, पाला-शेंगा शेळ्यांपुढं पाडायच्या, पुढच्या झाडाकडं निघायचं. झाडावर मात्र तो कधीच चढत नाही.

यंदा चारा कुठंच नव्हता. खालच्या फांद्या संपल्या होत्या, शेंड्याला शेंगा लटकत होत्या. शेळ्यांच्या बरगड्या बघवेनात. मी चिडलेच. "अहो, चढा की! नाहीतर बांबूला काठी तरी जोडा."

"न्हाई म्याडम. आकडी पोचंल तेवढं आपलं. वरचं झाडाला राहू द्या, उन्हाळा त्यालाबी हाय. बराबर?"

आणि भर उन्हात तो लांबच्या बाभळीकडं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी आठवीला इंग्रजीतला एक जुना वाक्प्रचार शिकवत होते, 'बाय हुक ऑर बाय क्रुक'. फळ्यावर अर्थ लिहिला, 'वाटेल ते करून'. मग उगम सांगितला. 'हुक' म्हणजे विळा, 'क्रुक' म्हणजे आकडी; पूर्वी इंग्लंडात म्हणे गरिबांना राजाच्या रानातून विळा आणि आकडी पोचेल तेवढंच सरपण नेता यायचं.

बोलता बोलता मला कालचं 'आकडी पोचंल तेवढं' आठवलं. परीक्षेत फळ्यावरचाच अर्थ येणार, म्हणून तो पुसला नाही. मुलांना फक्त खिडकीबाहेर, त्याच्या आकडीकडं बघायला सांगितलं.