आंब्याच्या खड्ड्यातला पिवळा दगड

बायको गेली तेव्हा तिची राख आम्ही नदीत नाही टाकली. आमच्याकडे आता बरेच जण शेतातच खड्डा करून राख घालतात अन् वर झाड लावतात. तिला आंब्याचं वेड, म्हणून आंब्याचं रोप लावलं. खड्डा पोरानं खोदला. त्यात मुरमाबरोबर लिंबाएवढा दगड निघाला. पिवळाजर्द, उन्हात नजर ठरू देत नव्हता.

तेरवी होईपर्यंत दगडाचा विषय कोणी काढला नाही. मग पोरगा म्हणाला, "बाबा, जेसीबी लावून पाहू. एक निघाला तं खाली अजून असन."

"अन् तुही माय?"

"रोप दुसरीकडं लावू."

"रोप लावशीन. राख कशी उचलशीन बे?"

त्यानं जेसीबीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, मला दगडातलं काय कळतं? आधी तपासू, सोनं निघालं तर अडवणार नाही, असं बोलून बसलो. बोललो अन् पस्तावलो.

मलकापूरला आमचा जुना सोनार आहे. बायकोचं डोरलं त्याच्याच हातचं. त्यानं काळी कसोटी काढून दगड घासला. पिवळी रेघ उठली. पोरगा पुढं सरकून बसला. सोनारानं रेघेवर बोट फिरवलं, तर बोटच पिवळं झालं. त्यानं ते नाकाशी नेलं.

"याले काय लावलं?"

सूनबाई दगड देव्हाऱ्यात ठेवून रोज हळदकुंकू वाहत होती.

"हळद नवरीले लावतात बाबा, सोन्याले नाही."

त्यानं दगड घासूनपुसून धुतला अन् परत कसोटीवर ओढला. आता रेघ काळपट. शेजारी खऱ्या सोन्याची ओढून दाखवली, ती पिवळी. मग दगड ऐरणीवर ठेवून हातोडी घातली. दगडाचा भुगा झाला.

"सोनं असतं तं चपटं झालं असतं, फुटलं नसतं." त्यानं चिमूटभर भुगा आगीवर टाकला, फटाक्यासारखा वास सुटला. "गंधक हाये. लोखंड अन् गंधक. असे दगड घेऊन लय जण येतात."

"पक्कं?"

"पक्कं."

मला हसूच आलं. सोनाराला वाटलं म्हातारा सरकला. त्यानं चहा मागवला. ती गेल्यापासून मला चहाची चव लागत नव्हती, त्या दिवशी बशीसुद्धा पुसून प्यालो.

एसटीत पोरगा खिडकीकडं तोंड करून बसला. मी काही समजावलं नाही. तो हावरट नाही. मायच्या दुखण्यात तिचं अंथरूण त्यानंच धुतलं, सुनेलाही हात लावू दिला नाही. पण बापाच्या शेतात सोनं निघालं म्हटल्यावर कोणाचं डोकं फिरणार नाही?

वडनेर मागं पडल्यावर तो म्हणाला, "आंब्याले बोराटीच्या काट्यांचं कुंपण करा लागते. बकऱ्या शेंडा खातीन."

"आजच करू," मी म्हटलं.