टेपकाकूंच्या बाकावर

गल्लीच्या कोपऱ्यावर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे टेपकाकू म्हणायचे, कारण माप घ्यायची टेप त्यांच्या गळ्यातून कधी उतरलीच नाही. एकदा दाढ काढायला गेल्या, तर तोंडात कापूस असतानाही त्यांनी डॉक्टरांना खुणेनं सांगितलं, की तुमचा कोट खांद्यात उतरतोय. आठवड्याच्या आत डॉक्टर कोट घेऊन दुकानात हजर.

तीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. वाढत्या पोरापोरींचं माप घेताना त्या आकडा कधी मोठ्यानं बोलत नसत, थेट वहीत लिहीत. त्या वयात आकडा सुईपेक्षा जास्त टोचतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते ठेच लागून आलेलं शहाणपण होतं. पूर्वी एका मुलीची कंबर भराभर उतरलेली पाहून त्यांनी तिच्या आईला दुकानाच्या दारातच सांगून टाकलं होतं. आईनं पोरीला भर रस्त्यात फैलावर घेतलं. ती मुलगी पुन्हा पायरी चढली नाही. तिचं पुढे काय झालं, ते काकूंना कळलंच नाही, आणि ते शल्य काही गेलं नाही.

मग एका वर्षी पोस्टातल्या बाईंची मुलगी आली, पाच महिन्यांत तिसऱ्यांदा स्कर्ट आवळून घ्यायला. ऐन उन्हात अंगात स्वेटर, हात बर्फासारखे गार. वहीतले आकडे जिना उतरावा तसे उतरत गेलेले. पण या खेपेला काकूंनी जीभ आवरली. बँडवाल्यांचे कोट उसवायचेत, हात कमी पडताहेत, उद्या आईला घेऊन ये, एवढंच म्हणाल्या.

दुपारी दुकानाला कडी घालून त्या स्वतः पोस्टाच्या खिडकीशी गेल्या. आईला सगळं दिसत होतं. ताट तसंच उठायचं, विचारलं की दार आपटायचं. रोज समोर बसवून समजावते, पण पालथ्या घड्यावर पाणी, असं बाई म्हणाल्या.

"समोर नका बसवू," काकू म्हणाल्या. "उद्या शेजारी बसा. नजर कामावर ठेवा. ती बोलली तर मान वर करू नका."

"आणि नाहीच बोलली तर?"

"तर माझे कोट फुकटात उसवून होतील."

दुसऱ्या दिवशी तिघी एका बाकावर बसल्या. पाऊण तास नुसते दोरे निघत होते. ढोलवाल्याची काख दरसाल कशी फाटते, यावर काकूंचं पुराण चालू होतं. तेही संपलं. मग मुलगी हातातल्या दोऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, "आई, मला जेवायची भीती वाटते."

बाईंची मान झटकन वर झाली. काकूंनी बाकाखाली त्यांच्या पायावर पाय दाबला, तशी मान खाली गेली. मुलगी बोलत राहिली. धावण्याच्या संघातल्या मुली, कुणीतरी काढलेला फोटो, त्यावर झालेलं हसणं, डबा रोज कुठे रिकामा करते ते सगळं. आई उसवत राहिली. कोटाची धडधाकट बाही सुटून मांडीवर पडली, तरी तिला पत्ता नाही.

मग आई म्हणाली, "मला यातलं फार कळत नाही गं. पण मी रागावले नाहीये. डॉक्टरांकडे जाऊ या आपण?"

"तू येशील आत?"

"तू म्हणशील तर आत. नाहीतर बाहेर बसून राहीन."

तेवढ्यानं जादू झाली नाही. डॉक्टर झाले, समुपदेशक बाई झाल्या, दोनदा गाडी रुळावरून घसरली. दर शनिवारी आई दुकानात येऊन मन मोकळं करी. घरात जाड-बारीक हे शब्द बंद झाले, कौतुकानंसुद्धा. 'गाल कसे भरलेत बघ' म्हणण्यापासून बापाला आवरणं सगळ्यात जड गेलं, असं ती हसत सांगे. जेवायला मात्र तिघं रोज एकत्र बसू लागली.

वर्षभरानं डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली. मायलेकी पळायच्या पँटसाठी दोन कापडं घेऊन आल्या, रंगावरून भांडतच. निळा की काळा, कुणी मागे हटेना. काकूंनी मशीन थांबवलं आणि ते भांडण अगदी शेवटपर्यंत ऐकलं.