मचाणाची शिडी

रंगात मिसळायला जवसाच्या तेलाची बाटली मी रोजच उघडते. आज मात्र त्या वासानं मला थेट सोनपेठकडच्या आमच्या शेतातल्या मचाणावर नेऊन बसवलं.

ज्वारी हुरड्यात आली होती. पाखरं राखायला वडिलांनी मला मचाणावर चढवलं, जवसाची चटणी लावलेली भाकरी आणि गोफण हातात दिली, आणि शिडी काढून बांधावर नेऊन टाकली. आदल्या दिवशी मी खेळायला खाली उतरले होते ना, म्हणून.

"अण्णा, शिडी लावा की! पाय दुखायलेत."

"तू उतरलीस की पाखरं बी उतरत्यात. दिस बुडू दे, मग लावतो."

रडून रडून घसा बसला. मग दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून बघत बसले. खाली हिरवट कणसं, पलीकडं काळं रान, टोकाला गोदावरीची चमकणारी रेघ. ऊन कललं तशी काळी माती जांभळी होत गेली. लोक म्हणतात, तिथंच मी चित्रकार झाले. म्हणोत बापडे.

मला रान रंगवायचंय ते ज्वारीत उभं राहून, धाटं खांद्याला घासतील असं. आजही सकाळपासून कॅनव्हास पुसतेय. कितीही ठरवलं तरी रान वरूनच दिसतं, आणि क्षितिज पार वरच्या कडेला जाऊन चिकटतं.

खिडकीबाहेर दिवस बुडालाय. अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता शिडी कुणी लावायची?