काव्हाच म्हणायचं

"यार, शॅम्पेन एकदम स्वस्तात मिळाली!" पीएच.डी. मिळाल्याच्या आनंदात मी अमेरिकेत, पार्सिपनीतल्या वाइनच्या दुकानातून मित्राला फोनवर सांगत होतो. काउंटरमागून खणखणीत मराठीत आवाज आला, "ती शॅम्पेन नाही, काव्हा आहे. आणि आधी आयडी दाखव."

त्या शरयूकाकू. मूळच्या नाशिकच्या, साठीला टेकलेल्या. घट्ट अंबाडा, दुकानाच्या हिरव्या एप्रनवर मंगळसूत्र. बाटली हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ही स्पेनची फेसाळ वाइन. पूर्वी तिथेही हिला शॅम्पेनच म्हणायचे. फ्रान्सवाले म्हणाले, हे आमच्या प्रांताचं नाव आहे. खरंच होतं त्यांचं. मग स्पेनवाल्यांनी स्वतःचं नाव लावलं. काव्हा, म्हणजे तळघर. जिथे मुरते, त्या जागेचंच नाव. उसन्या नावापेक्षा बरं की नाही?"

काकू स्वतः पीत नसत. चव घेत आणि थुंकून टाकत. "पिणं वेगळं, ओळखणं वेगळं," म्हणत.

पुढे आमचं जाणं-येणं वाढलं. एकदा इथल्या मराठी मंडळाने कर्तबगार महिलांचा सत्कार ठरवला. पत्रिकेत काकूंपुढे छापायचं होतं, 'रिटेल क्षेत्र'. काकूंनी सेक्रेटरींना फोन केला, "वाइनच्या दुकानात आहे, असं लिहा."

"अहो काकू, मंडळात बरं दिसत नाही."

"मग माझं नाव काढा."

नाव निघालं. काकूंच्या यजमानांना, वसंतकाकांनाही आतून हायसं वाटलं असावं. नाशिकच्या नातेवाइकांना ते 'ही ग्रोसरीत असते' एवढंच सांगत. काकूंना ते ठाऊक होतं. त्या वाइनच्या परीक्षेला बसल्या. लेकरांच्या वयाच्या मुलांमध्ये बसून पेपर लिहिला आणि पहिल्याच फटक्यात पास झाल्या.

मालकाने त्यांना काव्हाची ओळख करून देणारा कार्यक्रम करायला सांगितला. तीसेक माणसं जमली. काकू नऊवारीत उभ्या राहिल्या आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची रीत आपल्या नाशिकच्या इंग्रजीत समजावू लागल्या. कुणी हसलं नाही. लोक वहीत लिहून घेत होते.

काका कोट घालून मागच्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना विचारलं, "तुम्हीही वाइनमधले जाणकार का?"

काका उठून उभे राहिले. "मला त्यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "मी त्यांचा नवरा."