काचेतला लख्ख चौकोन

प्रयोगशाळेतला मदतनीस पंचवीस वर्षं विषारी वाफा ओढून घेणाऱ्या, समोर काच असलेल्या एकाच बंद कपाटापुढे उभा राहिला. शास्त्रज्ञ फ्लोरिनच्या संयुगांचे बंध किती घट्ट ते मोजत. हा त्यांना हायड्रोफ्लोरिक आम्ल काढून देई. ते मेलं काच खातं, म्हणून भांडी सगळी प्लास्टिकची. हाताला लागलं तर आधी कळतही नाही, मग थेट हाडापर्यंत जातं.

हे ऐकून सातवीतल्या लेकीने आपला फोटो प्लास्टिकमध्ये बंद करून दिला होता. "कपाटाच्या काचेला आतून लाव, तोंड तुझ्याकडे. मी बघतेय हं बाबा, हातमोजे घाल!"

त्याच वर्षी ती तापाने गेली. चौथ्या दिवशी तो कामावर हजर झाला. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे.

निवृत्तीच्या दिवशी काच बदलायला कारागीर आला. हातमोजे चढवून मदतनिसाने स्वतःच फोटो सोडवला. आम्लाच्या वाफेने सगळी काच दुधाळ झाली होती. फोटोने झाकलेला चौकोन तेवढा लख्ख होता.

"काका, सुटलात! काढा आता ते हातमोजे," कारागीर हसून म्हणाला.

त्याने फोटो खिशात ठेवला आणि हातमोजे तसेच घालून तो घरी गेला.