आयाबाईंच्या हाती आलेली चिठ्ठी

"थांबा जी, आधी पाहून येतो." कुणी प्रार्थना करायला सांगितली की आयाबाईंचं हे पहिलं वाक्य. मग पदर खोचायचा, पायात चपला सरकवायच्या आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या घरी निघायचं.

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात त्या आया होत्या आणि मी औषधांच्या खिडकीत. रविवारी आम्ही एकाच चर्चमध्ये बसायचो. मी जन्माने ख्रिस्ती आणि स्वभावाने शंकेखोर. दोन्हींवर इलाज नाही. लांबलचक प्रार्थना तुम्हीही ऐकल्या असतील. माणूस डोळे मिटून देवाशी बोलतो आणि एका कानाने मंडळीचा अंदाज घेत राहतो. आमच्या मंडळीच्या सेक्रेटरींचा त्यात हातखंडा होता. ते बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरुवात करत. शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत पोचेस्तोवर मागच्या बाकावरची दोन-तीन माणसं खरोखरच चिरविश्रांतीच्या दारात असत.

बुधवारच्या प्रार्थनासभेत आमच्याकडे एक पद्धत होती. ज्याची जी गरज असेल ती त्याने चिठ्ठीवर नावानिशी लिहायची आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मग प्रत्येकाने एकेक चिठ्ठी उचलायची, वाचून दाखवायची, तिथेच चार शब्द प्रार्थना करायची आणि आठवडाभर ती चालवायची. स्वतःचीच निघाली तर परत टाकता येई. दुसऱ्याची परत टाकायची नाही.

एकदा एका बापाने लिहिलं, 'मुलीचं लग्न जुळावं.' चिठ्ठी आयाबाईंना निघाली. त्या नेहमीप्रमाणे पाहून आल्या आणि पुढच्या बुधवारी सर्वांदेखत म्हणाल्या, "पोरीले लगीन करायचंच नाई. नर्सिंगले जातो म्हणते. मी तिच्या नर्सिंगची प्रार्थना केली."

बाप उसळला, "माझी चिठ्ठी होती ना बाई!"

"चिठ्ठी तुमची, पन जिंदगी कोणाची?"

मी एकदा 'मनःशांतीसाठी' अशी भारदस्त चिठ्ठी टाकली होती. दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर रुग्णांची रांग असताना बाई थेट पुढे आल्या. "मनःशांती मंजे काय जी? झोप येत नाई का बायको बोलत नाई?"

"हळू बोला."

"बायको बोलत नाई," त्यांनी निदान केलं. "मंग तसं लिवा ना. देव काय मास्तर हाय का, भाषा पाहाले?"

त्यांची स्वतःची प्रार्थना औषधाच्या चिठ्ठीसारखी नेमकी असे. "बापा, त्या बाईचा ताप उतरव. सकाळपासून पेजही पोटात नाई. आमेन."

मग तो बुधवार आला. बाईंनी चिठ्ठी उचलली, उलगडली आणि पुन्हा घडी घातली. शेवटी वाचली. सेक्रेटरींची होती. महिन्यापूर्वी त्यांना लकवा झाला होता. डावं अंग गेलं होतं. बायकोच्या हाती त्यांनी लिहून पाठवलं होतं, 'मला पुन्हा उभं राहून प्रार्थना करता यावी.'

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सहा वर्षांपूर्वी एका मेळाव्याहून परतताना सडक अर्जुनीजवळ सेक्रेटरी स्वतः चालवत असलेली जीप उभ्या ट्रकवर आदळली. शेजारी बसलेला माणूस जागीच गेला. तो आयाबाईंचा नवरा. ट्रकला मागचा दिवा नव्हता, असं ठरलं. सेक्रेटरींना खरचटलंही नाही. मातीच्या वेळी ही प्रभूची इच्छा होती, असं त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं. त्यानंतर सहा वर्षं दोघं एकाच छपराखाली उपासनेला येत होते आणि एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

बाईंनी चिठ्ठी मांडीवर ठेवली. "माझ्यानं नाई होत," त्या म्हणाल्या.

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, तरुण होते, नागपूरहून नुकतेच आलेले. ते समजुतीने म्हणाले, "बाई, दोन शब्द बोला. बाकी प्रभू पाहील."

"शब्द त हायेत जी पाळकसाहेब. मन नाई. देवासंग लबाड कायले बोलू?"

"मग दुसऱ्या कुणाला द्या ती चिठ्ठी."

"माझ्या हाती निघाली. आता माझीच."

चर्चमध्ये कुणी प्रार्थनेला नकार दिलेला आम्ही पाहिलाच नव्हता. बायका कुजबुजल्या. सेक्रेटरींच्या बायकोने बाईंकडे पाठ फिरवली. दर बुधवारी पाळक विचारत, "झाली का बाई?" आणि बाई उभ्या राहून सांगत, "अजून नाई." पाच बुधवार हेच. बाई वाळल्या. वॉर्डात एकदा चक्क चुकीच्या खाटेखाली बेडपॅन ठेवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही बाकीचे रोज दोन मिनिटांत सेक्रेटरींची प्रार्थना उरकून भाताला बसत होतो. सगळ्या मंडळीत ती चिठ्ठी खरी मानणाऱ्या एकट्या बाई होत्या, आणि लोक त्यांनाच कठोर म्हणत होते.

सहाव्या आठवड्यात त्या खिडकीशी आल्या. "स्कूटर हाय ना? सेक्रेटरीच्या घरी सोडून द्या."

मी सोडलं आणि आतही गेलो. चौकसपणा म्हणा हवं तर. सेक्रेटरी खुर्चीत होते, डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. बाईंना पाहून ते गडबडले आणि सवयीने सुरू झाले, "या बाई, प्रभूची इच्छा..."

"प्रभूचं मी प्रभूले विचारीन. तुमाले तुमचं विचारतो. गाडी चालवतानी तुमी जागे होते का?"

ज्या माणसाला शब्द कधी कमी पडले नाहीत, त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मला वाटलं, आता बायबलचं एखादं वचन येणार.

"झपकी आली होती," ते म्हणाले. "त्यानं दोनदा सांगितलं, ढाब्यावर थांबू, चहा घेऊ. मी म्हटलं, पोचलोच आता. नाही ऐकलं मी, बाई."

बाईंनी खाली बसकण मारली. "चहा म्हने?"

"दोनदा म्हणाला."

"चहाचं लयच होतं त्यायले," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. सहा वर्षांत नवऱ्याचे शेवटचे शब्द त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मग त्यांनी सेक्रेटरींच्या निर्जीव गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे उघडे ठेवूनच म्हणाल्या, "बापा, हा मानूस खरं बोलला. लय उशिरा बोलला. माझा राग अजून गेला नाई, तो माझ्यापाशी राहू दे. पन याले चालव. आमेन."

सेक्रेटरी मोठ्याने रडले. त्यांची ती पहिलीच प्रार्थना मी ऐकली, जिच्यात एकही शब्द नव्हता.

लकव्याचे रोगी औषधाने आणि व्यायामाने पुष्कळदा सुधारतात, हे मी खिडकीतून रोज पाहत होतो. त्यामुळे मी चमत्कार वगैरे म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून आयाबाई ड्यूटी सुटली की त्यांच्याकडे जायच्या आणि तासभर त्यांना उभं करायच्या. रागही जात होता की नाही, मी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या केशोरीला लेकीकडे गेल्या आणि दोन वर्षांनी तिथेच वारल्या. मातीला पोचायला मला उशीर झाला.

मला त्या आठवतात त्या मात्र सेक्रेटरींच्या दारात. एकदा मी तिथे औषधं पोचवायला गेलो होतो. काठी टेकत सेक्रेटरी त्यांना निरोप द्यायला उंबऱ्यापर्यंत आले आणि पायरीपाशी अडले. बाई खाली उतरल्या होत्या. त्या मागे वळल्या, त्यांचा कोपर धरला आणि वॉर्डात शंभरदा म्हटलं असेल तशा आवाजात म्हणाल्या, "उतरतानी अधू पाय आधी. चढतानी चांगला. पडत नाई जी, मी हाय ना. टाका."

सेक्रेटरींनी पाय टाकला.